विश्लेषण : धानाच्या बांधीतून मिथेन कसा निघतो? भंडाऱ्यात तो कमी करता येईल का?

धानाचे कोठार आणि तलावांचा जिल्हा ही भंडाऱ्याची ओळख. मात्र रोवणीनंतर बांधीत साठवून ठेवलेले पाणी आता हवामान बदलाच्या चर्चेचा विषय झाले आहे. भारताच्या हरितगृह वायू उत्सर्जनात शेतीचा वाटा सुमारे १४ टक्के आहे. त्यातील निम्म्याहून अधिक उत्सर्जन गुरांच्या रवंथातून, तर सुमारे सहावा हिस्सा भातशेतीतून होतो.

मिथेन तयार कसा होतो?
बांधीत सतत पाणी राहिले की मातीतील प्राणवायू संपतो. मग प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव धसकटे, शेणखत कुजवतात आणि मिथेन तयार होतो. तो मुख्यतः धानाच्या रोपातील पोकळ्यांमधून हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो.

उपाय काय?
बांधी आलटून-पालटून भिजवणे आणि सुकू देणे. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने या पद्धतीचा प्रसार केला. छिद्रे पाडलेला पाइप बांधीत उभा गाडतात. त्यातील पाणी जमिनीच्या पातळीखाली १५ सेंटिमीटर उतरले की पुन्हा पाणी देतात. फुलोऱ्याच्या वेळी मात्र पाणी राखावे लागते. यामुळे मिथेन जवळपास निम्म्याने घटू शकतो, पाणीही वाचते. मात्र जमीन सुकल्याने नायट्रस ऑक्साइड वाढतो, म्हणून युरिया बेताने द्यावा लागतो.

भंडाऱ्यात अडचण कुठे?
खरिपात पाऊस थांबवता येत नाही आणि पाणी एका बांधीतून दुसरीत उतरते. तलाव किंवा कालव्याचे पाणी पाळीने मिळते. पुढची पाळी वेळेवर येईल याची खात्री नसेल, तर भरलेली बांधी सुकू देण्याची जोखीम शेतकरी घेणार नाही. शिवाय साचलेले पाणी तण दाबते. ते नसले की निंदणीचा खर्च वाढतो. त्यामुळे स्वतःचा पंप असलेल्या उन्हाळी धानासाठी ही पद्धत आधी सोयीची ठरते.

भारताची भूमिका काय?
२०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत जाहीर झालेल्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेत भारत सहभागी झाला नाही. गुरे आणि भातशेती ही लहान शेतकऱ्यांची उपजीविका आहे, असे सरकारचे म्हणणे आहे.

शेतकऱ्याच्या हातात काय?
कच्चे शेणखत, ताजी तणस चिखलणीच्या तोंडावर गाडण्याऐवजी पूर्ण कुजलेले खत वापरले तरी मिथेन कमी होतो. पाण्याच्या पाळीचे वेळापत्रक पाळणे मात्र यंत्रणेचे काम आहे.