रेंज गेली तर रात्रीची नोंद राहते का? बागेत सेन्सर बसवण्याआधी हे विचारा

निफाड, दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात काही बागांत खांबावर छोटी सोलर प्लेट अन् पांढरा डबा दिसतो. पान किती वेळ ओलं राहिलं, हवेत दमटपणा किती, मुळाशी ओल किती, याची नोंद हे यंत्र घेतं. डाऊनीची फवारणी घ्यायची की थांबायचं, हे ठरवायला ती कामी येते. पण पावसाच्या रात्री नेमकी रेंज गेली अन् यंत्रात साठवणच नसली, तर त्या रात्रीचा आकडा कायमचा जातो.

हे यंत्र बहुतेक वेळ झोपलेलं असतं. ठरलेल्या वेळी जागं होतं, मोजतं, परत झोपतं. मोजायला बॅटरी थोडी लागते; जास्त खातो तो रेडिओ, म्हणजे माहिती पाठवणं. त्यामुळे नोंद आधी आतल्या फ्लॅश मेमरीत लिहायची अन् नंतर एकदम पाठवायची, हे परवडतं. बॅटरी उतरली तरी फ्लॅशमधलं पुसलं जात नाही.

जागाही फार लागत नाही. दर १५ मिनिटांनी एक, अशा दिवसाला ९६ नोंदी होतात. एक नोंद १२ बाइटची धरली तर एका एमबीत सुमारे अडीच वर्षांचा हिशेब बसतो. फ्लॅशचा कप्पा मात्र ठराविक वेळाच पुसता येतो. म्हणून एकाच जागी खाडाखोड न करता नोंदी पुढे पुढे लिहितात; जागा भरली की सर्वांत जुन्या पुसतात.

सगळ्या नोंदी मागवायचीही गरज नाही. 'संध्याकाळी ६ ते सकाळी ६ पान किती तास ओलं होतं?' असा प्रश्न यंत्रालाच टाकता येतो. ४८ नोंदींऐवजी एकच आकडा येतो, बॅटरी वाचते. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात 'टायनीडीबी' नावाची अशी प्रणाली वीस वर्षांपूर्वीच तयार झाली होती.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला एवढं विचारावं:
- रेंज नसताना किती दिवसांच्या नोंदी आत राहतात?
- रेंज आल्यावर मागच्या नोंदी तारीख-वेळेसह आपोआप येतात का?
- बॅटरी बदलल्यावर घड्याळ बरोबर राहतं का?
- वर्गणी संपली तर जुन्या नोंदी शेतकऱ्याला मिळतात का?

उत्तरं तोंडी नकोत, बिलावर लिहून घ्यावीत.