‘कारण’ नावाचा रकाना

2019 च्या जानेवारी ते मे महिन्यात मी खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात हंगामी वॉचर होतो. पाहुणे भेटले की वाघ दिसला का, अस्वल दिसले का, हेच विचारत. अस्वल एकदा दिसले, तेही पाठमोरे. माझे खरे काम आगीचे होते.

म्हादईचा उगम याच रानात. 2011 साली अभयारण्य झालेले हे सुमारे 190 चौरस किलोमीटरचे जंगल पावसाळ्यात चिंब असते, पण मार्चमध्ये पायाखालचा पाला पापडासारखा मोडतो. म्हणून जानेवारीतच वाटेकडेचे गवत कापायचे, सकाळी दव असेतो ते जाळायचे आणि मोकळा पट्टा ठेवायचा. पुढे दिवसभर पाऊलवाटा तुडवत धूर शोधायचा. आग दिसली की हिरव्या डहाळ्यांनी बडवायची. पाणी? डोंगरावर ते पिण्यापुरते मिळाले तरी पुष्कळ. मध्येच बारापेडे गुहेतली दुर्मिळ वटवाघळे बघायला बॅटऱ्या घेऊन निघालेल्या हौशी मंडळींना गोडीगुलाबीने मागे फिरवणे, हा वेगळाच उद्योग! साहेबांशी कन्नड आणि वाडीत मराठी बोलायचे. त्यांचा ‘काडगिच्चु’ तोच आमचा वणवा.

मार्चअखेरीस एका दुपारी टेकडीमागे धूर दिसला. मोबाइलला रेंज नव्हती. धापा टाकत कड्यावर चढलो आणि गार्डना फोन लावून ओरडलो, ‘‘बेंकी हत्त्येद री!’’ आम्ही चौघे रात्री नऊपर्यंत आग बडवत होतो. माझ्या भुवया जळाल्या. मोठी झाडे तगली, पण खालची रोपे गेली. एका बुंध्याशी रानकोंबडीची पाच अंडी तडकून पडली होती.

सकाळी जळलेल्या कडेकडेने मागे चालत गेलो, तो थेट मामांच्या शेतात! तरव्यासाठी जाळायला रचलेला पाला अर्धवट जळाला होता आणि मामांचे दाताळ बांधाला टेकलेले होते. पाला पेटवून ते जेवायला गेले असणार. मग वारा फिरला.

वहीत ‘कारण’ असा रकाना होता. आधीच्या दोन आगींपुढे मी ‘गोत्तिल्ला’ लिहिले होते, कारण तेव्हा खरोखरच ठाऊक नव्हते. या वेळीही तेच लिहिले. गार्डनी वही बघितली आणि हळूच विचारले, ‘‘अदु निम्म सोदरमावन होल अल्ला?’’

मी ती ओळ खोडली. शेतातला पाला जाळताना आग पसरली, असे लिहिले आणि शेत कुणाचे तेही लिहिले.

मामांना जबाबासाठी बोलावले. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. ‘‘सख्ख्या मामाचं नाव लिवलास?’’ एवढेच म्हणाली. त्या वर्षी मामा गणपतीला आमच्याकडे आले नाहीत. आईने त्यांच्या वाटणीच्या करंज्या डब्यात घालून माझ्याच हाती पाठवल्या. मामींनी डबा घेतला. मामा आत होते, बाहेर आले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात मी कामावर नव्हतो. तरी एका संध्याकाळी मामांचा निरोप आला, ‘‘उद्या फाटेला पाला जाळतोय. भाच्याला म्हणावं, डहाळ्या घेऊन ये.’’