मधोमध काहीच नसलेलं चाक

पडद्यावर जी सायकल दिसतेय तिच्या चाकांना आरे नाहीत, हब नाही. चाकातून मागची भिंत आरपार दिसते. अशी चित्रं तुम्ही मोबाइलवर कितीतरी पाहिली असतील. २०१० च्या ‘ट्रॉन: लेगसी’ चित्रपटातल्या मोटरसायकलींनी या चाकाचं वेडच लावलं. कल्पना मात्र त्याहून जुनी. स्वित्झर्लंडमधले डिझायनर फ्रँको स्बारो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशा चाकांची वाहनं प्रत्यक्ष बनवली. तेव्हा ‘हे शक्य आहे का’ हा प्रश्न कधीच संपला. आपला प्रश्न असा, की पाय मारून चालवायच्या सायकलला हे परवडतं का?

हब नाही म्हणजे बेअरिंग नाही असं नव्हे. ते मधून उचलून कडेला नेलंय, इतकंच. आतलं कडं फ्रेमला पक्कं, बाहेरचं टायरसकट फिरणारं, आणि दोघांमध्ये गोळ्या. स्वस्तात करायचं तर पूर्ण कड्याऐवजी तीन-चार रोलर.

आणि इथेच गोम आहे. घरी गेलात की दार ढकलताना दुसऱ्या हाताचं बोट बिजागरीजवळ टेकवा. दार थांबत नाही. तेच बोट कडीपाशी टेकवलं की दार अडतं. घर्षणाचंही तसंच. साध्या हबमध्ये घर्षण मध्यापासून साधारण १ सेंटिमीटरवर लागतं आणि चाकाची त्रिज्या असते ३४ सेंटिमीटर. म्हणून रस्त्यापाशी त्याचा परिणाम ३४ पटींनी घटतो. हबविरहित चाकात बेअरिंग ३० सेंटिमीटरवर गेलं, की ही सवलत जवळजवळ संपली.

आकडा काढूया. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो, म्हणजे भार सुमारे ९०० न्यूटन. वेग ताशी २० किलोमीटर. रोलरचा घर्षण गुणांक ०.०१ धरा. मग सुमारे ४५ वॅट रोलरच खातात! आरामात सायकल चालवणारा माणूस १०० वॅटच्या आसपास देतो. उत्तम बेअरिंग वापरलं, गुणांक ०.००२ वर आणला, तर हे नुकसान ९ वॅटवर येतं. पण एवढं मोठं कडं अचूक गोल घडवायचं, त्यात चिखल-पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि त्यासाठी जी सील लावाल ती स्वतः पुन्हा घासणार.

आऱ्यांचंही ऐका. सायकलचे आरे आपल्याला खांबासारखे वाटतात, पण ते ताणलेल्या तारा आहेत. सगळ्या बाजूंनी ओढून धरल्यामुळेच अर्ध्या किलोची रिम माणसाचं वजन पेलते. दुकानात चाकाचा आउट काढतात तेव्हा हाच ताण कमीजास्त करत असतात. आरे काढले की गोलपणा राखायचं सगळं काम रिमवर. ती जाड करावी लागते, म्हणजे जड होते. आणि खड्ड्यात थोडी जरी चेपली तरी बेअरिंग अडकतं.

चेनचं काय? साध्या सायकलला पुढे ४८ दाते, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात चाक पावणेतीन वेळा फिरतं. आता मागचं दातेरी चक्र ६० सेंटिमीटर व्यासाचं झालं. त्याच चेनच्या मापाने त्याला १४८ दाते येतात. पायडल एकदा फिरवलं की चाक जेमतेम एक तृतीयांश फिरणार! म्हणजे मधे आणखी आठपट वेग वाढवणारी गिअरची जोडणी हवी. येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये अशी सायकल करून चालवली, तेव्हा त्यांनी फक्त मागचं चाक हबविरहित केलं, पुढचं साधंच ठेवलं. माझ्या मते तो शहाणपणा होता.

मग हे चाक शोभतं कुठे? फिनलंडच्या व्हर्ज कंपनीची विजेवरची मोटरसायकल बघा. तिच्या मागच्या चाकात मोटरच कड्याच्या आकाराची आहे. आतलं कडं स्थिर, बाहेरचं फिरतं, चेन नाही. मोटरचा घेर मोठा असला की फिरवण्याचा जोर जास्त मिळतो, म्हणजे सायकलला जे नडतं तेच इथे कामी येतं. जिथे हजारो वॅट हाताशी आहेत तिथे बेअरिंगमध्ये गेलेल्या दहा-वीस वॅटचा हिशोब कोण ठेवतो!