कॉम्प्युटर फॉरमॅट मारताय? विंडोजचं लायसन्स कुठे आहे ते आधी बघा

कोपर : कॉम्प्युटर स्लो झाला किंवा अडकायला लागला की गावात सल्ला एकच मिळतो, "फॉरमॅट मार, नवीन विंडोज टाक." मग कोणी मुरबाडच्या बाजारात जातं, कोणी शहापूरला. भिवंडी तालुक्यातल्या खारबावकडची मंडळी दिवा-वसई गाडीने कोपरला उतरून डोंबिवली गाठतात. काम तासा-दोन तासांत होतं. पण घरी आल्यावर कधी कधी स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी पुसट अक्षरं दिसायला लागतात आणि दुकानदार म्हणतो, "लायसन्सचे पैसे वेगळे."

खरं तर अनेकदा ते पैसे तुम्ही लॅपटॉप घेतानाच भरलेले असतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे मशीन बदलायची किंवा नवीन विंडोज टाकायची वेळ अनेकांवर आली आहे. अशा वेळी लायसन्सची भानगड समजून घेतलेली बरी.

सॉफ्टवेअर वेगळं, परवानगी वेगळी

विंडोजची फाईल मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून कोणालाही फुकट उतरवता येते. पैसे असतात ते वापरण्याच्या परवानगीचे, म्हणजे लायसन्सचे. पूर्वी ही परवानगी २५ अक्षरांच्या 'की'मध्ये असायची आणि तिचा स्टिकर मशीनच्या मागे चिकटवलेला असायचा. विंडोज ८ पासून कंपन्या ती की थेट मदरबोर्डच्या चिपमध्ये टाकू लागल्या, म्हणून नव्या लॅपटॉपवर स्टिकरवर की दिसत नाही. विंडोज १० पासून 'डिजिटल लायसन्स' आलं. यात तुमच्या मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेली असते.

म्हणजे लायसन्स हार्डडिस्कमध्ये नसतं आणि दुकानदाराच्या पेनड्राइव्हमध्येही नसतं. हार्डडिस्क कोरी केली तरी ते जात नाही. त्याच मशीनवर तीच आवृत्ती परत टाका, इंटरनेट जोडा, विंडोज आपोआप ॲक्टिव्ह होतं. टाकताना की मागितली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' हा पर्याय निवडायचा.

इथे गडबड होते ती आवृत्तीची. लॅपटॉपसोबत 'होम' आलं असेल आणि दुकानात 'प्रो' टाकलं, तर होमचं लायसन्स प्रोला चालत नाही. मग लायसन्स असूनही मशीन ते मागत बसतं.

लायसन्सचे तीन प्रकार

१. ओईएम : तयार लॅपटॉपसोबत येणारं लायसन्स. गाडीचं आरसी बुक जसं चेसिस नंबरला बांधलेलं असतं, तसं हे त्या मदरबोर्डला बांधलेलं असतं. लॅपटॉप विकला की लायसन्स त्याच्यासोबत जातं. दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही.

२. रिटेल : तुम्ही वेगळं विकत घेतलेलं लायसन्स. हे गॅस कनेक्शनसारखं आहे, घर बदललं तरी सोबत नेता येतं. पण एका वेळी एकाच मशीनवर. नवीन कॉम्प्युटरवर टाकलं की जुन्यावरून काढायचं.

३. व्हॉल्यूम : कंपन्या, कॉलेज, सरकारी कार्यालयं यांना एकत्र दिलेलं लायसन्स. घरच्या वापरासाठी ते सुटं विकता येत नाही. ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या 'ओरिजिनल की' अनेकदा अशाच कुठून तरी फुटलेल्या असतात. आज चालतात आणि नंतर कधीही बंद पडू शकतात.

आपल्याकडे कोणतं आहे?

फॉरमॅट मारण्याआधी, मशीन चालू असतानाच हे बघा. विंडोजचं बटण आणि आर हे अक्षर एकत्र दाबा. चौकट उघडेल. तिथे इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर टाइप करा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून डी-एल-आय लिहून एंटर मारा. थोड्या वेळाने माहिती येते. त्यात ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम ते लिहिलेलं असतं. विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट अपग्रेड केलेल्या मशीनवर इथे रिटेल दिसू शकतं, पण मूळ लायसन्स ओईएम असेल तर ते त्या मशीनचंच राहतं.

घरच्या लॅपटॉपवर 'व्हॉल्यूम' दिसलं तर सावध व्हा. मशीन एखाद्या कंपनीतून निघालेलं असेल किंवा कोणीतरी क्रॅक मारलेला असेल.

फॉरमॅटआधी एवढं करा

• सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्हेशन' उघडा. होम की प्रो ते लिहून ठेवा, मोबाईलवर फोटो काढा.

• तिथेच मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडा. 'लायसन्स तुमच्या अकाउंटला जोडलं आहे' अशा अर्थाची ओळ दिसली पाहिजे. पुढे काही पार्ट बदलल्यावर ॲक्टिव्हेशन गेलं, तर 'ट्रबलशूट'मध्ये जाऊन 'हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडता येतो. ईमेल आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा, दुकानदाराच्या ईमेलवर लायसन्स जोडू देऊ नका.

• फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फाईल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या. लायसन्स परत येतं, डेटा येत नाही.

• विंडोजसोबत ऑफिसचं लायसन्स येईलच असं नाही. ते वेगळं असतं. मशीन बदलणार असाल तर टॅलीचं लायसन्स आधी जुन्या मशीनवरून 'सरेंडर' करा, म्हणजे नवीनवर घेताना अडचण येत नाही.

रॅम वाढवली किंवा हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर लायसन्सला सहसा धक्का लागत नाही. मदरबोर्ड बदलला तर मात्र मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने ते नवीन मशीन झालं. म्हणून बोर्ड बदलायला देताना "लायसन्सचं काय?" हे आधीच विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

सेकंडहँड लॅपटॉप घेताना

मुलांच्या कॉलेजसाठी बरेच जण कंपनीतून निघालेले जुने लॅपटॉप घेतात. घेताना तिथेच इंटरनेट जोडून ॲक्टिव्हेशन तपासा. आधीच्या मालकाचं अकाउंट काढलेलं आहे ना ते बघा. मूळ आवृत्तीवर फॉरमॅट करून द्यायला सांगा. मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स असेल तर ते आता तुमचं.

क्रॅकचा धोका

'ॲक्टिव्हेटर' नावाची छोटी सॉफ्टवेअर वापरून दुकानात फुकट विंडोज ॲक्टिव्ह करून देतात. मशीन कंपनीच्या नेटवर्कमध्ये आहे असं विंडोजला भासवायचं, ही त्यातली एक नेहमीची युक्ती. खऱ्या कंपनीतही या पद्धतीचं ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि सतत ताजं करावं लागतं. म्हणून असं साधन मशीनमध्ये कायम चालू राहतं. ते टाकताना आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. घराचा कुत्रा बांधून ठेवून अनोळखी माणसाला आत घेण्यासारखाच हा प्रकार. त्याच मशीनवर तुम्ही बँकेचं काम करता. गावातल्या सेवा केंद्राचं मशीन असेल तर लोकांचे आधार आणि दाखलेही त्यातच असतात.

कायद्याचाही प्रश्न आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे, चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटर प्रोग्राम वापरला तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. सायबर कॅफे, झेरॉक्स दुकान, सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं.

विंडोज ११ चालत नसेल तर?

विंडोज १० चं खरं लायसन्स असेल आणि मशीन बसत असेल तर ११ फुकट मिळतं. पण त्यासाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे फुकट ॲप टाकलं की आपलं मशीन बसतं का ते कळतं.

बसत नसेल तर लगेच भंगारात काढू नका. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय जाहीर केली. त्यात नाव नोंदवावं लागतं.

दुसरा रस्ता लिनक्सचा. उबुंटू, लिनक्स मिंट किंवा आपल्या सी-डॅकने बनवलेलं 'बॉस' लिनक्स हवं तितक्या मशीनवर टाका, पैसे लागत नाहीत. ब्राउझर, यूट्यूब, ऑनलाइन फॉर्म, लिबरऑफिसमध्ये पत्र-हिशेब, सगळं होतं. मराठी टायपिंगही होतं. मात्र टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर आधी पेनड्राइव्हवरून चालवून तपासा, मगच कायमचं टाका.

दुकानात विचारायचे तीन प्रश्न

मशीनसोबत आलेली आवृत्ती कोणती आणि तीच टाकणार का? ॲक्टिव्हेशन मशीनच्या स्वतःच्या लायसन्सवर होणार की ॲक्टिव्हेटरने? लायसन्सचे पैसे घेणार असाल तर बिलावर प्रकार आणि की लिहून देणार का?

फॉरमॅटची मजुरी देणं योग्यच आहे, तो कारागिराच्या कामाचा मोबदला. पण जे लायसन्स आधीच तुमचं आहे, त्याचे पैसे दुसऱ्यांदा देऊ नका.