मोठ्यांनी राहायला जावे अशी गावे

लॉरा विलोज लंडनमध्ये भावाच्या घरी राहते. लग्न झालेले नाही. वडील वारल्यावर ती इथे आली आणि भाचरांची लॉली आत्या होऊन वीस वर्षे सगळ्यांच्या उपयोगी पडली. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ती एका दुकानात शेवंतीची फुले घेते, तेव्हा दुकानदार सोबत बीच वृक्षाच्या चार डहाळ्या बांधून देतो. ती विचारते, ही पाने कुठली? चिल्टर्न टेकड्यांच्या बाजूची. मग ती त्या भागाचा नकाशा विकत घेते, ग्रेट मॉप नावाचे खेडे हेरते आणि घरच्यांच्या नाकावर टिच्चून तिथे राहायला जाते. पुढे ती चेटकीण होते. पण ते पुढे. सिल्व्हिया टाऊनसेंड वॉर्नर यांची ही कादंबरी, ‘लॉली विलोज’, १९२६ साली आली. व्हर्जिनिया वुल्फ यांनी बाईला स्वतःची खोली हवी असे लिहिले, त्याच्या तीन वर्षे आधी.

प्रौढांसाठी लिहिलेल्या जादूच्या कादंबऱ्यांचा विचार मला इथूनच सुरू करावासा वाटतो. मुलांच्या गोष्टीत जादूचे दार अवचित सापडते. मोठ्या माणसाला आपण कशापासून निघालो आहोत हे पक्के ठाऊक असते, म्हणून त्याचे निघणे अधिक अवघड आणि अधिक खरे असते.

अशा वाचनाला आपल्याकडे चटकन पळपुटेपणा म्हटले जाते. या आरोपाला जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या व्याख्यानात उत्तर देऊन ठेवले आहे. तुरुंगातल्या माणसाने घरी जायची धडपड केली, किंवा तेही जमत नाही म्हणून तो भिंतींपलीकडच्या जगाविषयी बोलत राहिला, तर त्याला रणांगण सोडून पळणाऱ्या शिपायाच्या पंगतीला बसवू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे सांगणारा माणूस १९१६ साली सोमच्या लढाईत होता. रणांगण म्हणजे काय हे त्याला ऐकून ठाऊक नव्हते.

तरीही प्रत्येक जादूनगरीत माणूस रमत नाही. मला वाटते, वाचक तिथे मंत्र आणि चमत्कार पाहायला एकदा जातो. पुन्हा जातो तो ती जागा राहण्याजोगी असेल तर. राहण्याजोगी म्हणजे जिथे चूल पेटते, कामे असतात, नियम असतात आणि नियम मोडला तर किंमत मोजावी लागते.

सुझाना क्लार्क यांची ‘पिरानेसी’ (२०२०) याचा सर्वांत सुंदर दाखला. क्लार्क यांची पहिली जाडजूड कादंबरी २००४ची. मग दीर्घ आजारपण, आणि सोळा वर्षांनी हे छोटेखानी पुस्तक. त्याला २०२१चे विमेन्स प्राइझ मिळाले. जग म्हणजे एक अफाट घर. दालनांमागून दालने, भिंतींना लागून संगमरवरी पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र, वरच्या मजल्यावर ढग. नायक तिथे जवळजवळ एकटा. तो मासे धरतो, शेवाळ वाळवून सरपण करतो, भरती-ओहोटीचे तक्ते मांडतो, दालनांत सापडलेल्या मृतांच्या अस्थींची देखभाल करतो. एका वर्षी अल्बट्रॉस पक्ष्यांची जोडी येते. त्यांना घरट्यासाठी काही मिळेना, तेव्हा हा आपला वाळलेल्या शेवाळाचा साठा त्यांना देऊन टाकतो. देण्याआधी हिशेब करतो, यात आपले किती दिवसांचे सरपण गेले. थोडे दिवस थंडी सोसू, पण जगात एक नवा अल्बट्रॉस येईल. पुढे त्या वर्षाला तो त्या पक्ष्यांचेच नाव देतो.

या प्रसंगात मंत्रतंत्र काहीही नाही, तरी त्या घरावर आपला जीव जडतो तो इथेच. आणि याच कादंबरीला हेही ठाऊक आहे की हे घर एका माणसाचा तुरुंगही आहे. ते कसे, हे वाचकाने स्वतः शोधावे.

एरिन मॉर्गेनस्टर्न यांची ‘द नाइट सर्कस’ (२०११) अधिक लोकप्रिय आणि अधिक नटवी. सर्कस अंधार पडल्यावर उघडते, पहाटे बंद होते. तंबू काळे-पांढरे, त्यातला एक आख्खा बर्फाच्या बागेचा. या सर्कशीच्या मागे गावोगाव फिरणारे चाहते खूण म्हणून लाल रंगाचे काहीतरी अंगावर घालतात. मधूनमधून लेखिका थेट वाचकाला उद्देशून बोलते, त्याला फाटकापाशी उभे करते, कॅरॅमलचा वास देते. कथानक सैल आहे, सर्कशीआड चाललेल्या दोन जादूगारांच्या स्पर्धेचे नियम नीट कळत नाहीत, हे मान्य. पण हा आनंद फुकटचा नाही याचे भान तिला आहे. दोन माणसे बालपणीच या खेळाला जुंपली गेली आहेत आणि तंबू उभे राहतात ते त्यांची शक्ती पिऊन.

मर्व्हिन पीक यांच्या गॉर्मेनघास्टमध्ये (पहिला भाग १९४६) तर जादू नाहीच. आहे एक अवाढव्य किल्ला आणि त्याचे कुळाचार. गावकरी वर्षभर लाकडात मूर्ती कोरतात. ठरलेल्या दिवशी तीन निवडल्या जातात, उरलेल्या जाळल्या जातात. निवडलेल्याही माळ्यावरच्या दालनात धूळ खातात. इथे विसावा नाही, गुदमर आहे, पण वाचक वीट न् वीट ओळखू लागतो.

अलीकडे टी. जे. क्लून आणि ट्रॅव्हिस बॉल्ड्री यांच्या उबदार कादंबऱ्या खूप वाचल्या जातात. बॉल्ड्रींच्या ‘लेजेंड्स अँड लाटेज’ (२०२२) मध्ये एक राक्षसी योद्धी तलवार खाली ठेवून कॉफीचे दुकान काढते. दमून आलेल्या माणसासाठी हे चांगले वाचन आहे. दुसऱ्या वाचनाला मात्र हाती फारसे उरत नाही.

हा प्रांत आपल्याला परका नव्हता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. मराठी कादंबरीने लहानपणी अद्भुताचेच बोट धरले होते. हरिभाऊ आपट्यांनी तिला वास्तवाकडे वळवले. त्यांच्या कादंबरीतल्या यमूची कहाणी सांगायलाच हवी होती. पण त्यानंतर आपण अद्भुत हळूहळू बालवाङ्मयाच्या कपाटात लावून टाकले. जी. ए. कुलकर्णींनी ‘इस्किलार’सारख्या दीर्घकथेत अनोळखी भूमी उभी केली खरी, पण तिथे वाचक विसाव्याला जात नाही, नियतीसमोर उभा राहतो.

हिंदीत देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. दूरदर्शनवरची १९९४ची मालिका आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे; कादंबरी त्याहून कितीतरी काटेकोर आहे. खत्रींनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. तिथले पडके किल्ले त्यांनी पायाखाली घातले होते. म्हणून त्यांचे तिलिस्म, म्हणजे ती मंतरलेली बंदिस्त वास्तू, हवेत तरंगत नाही. त्याला कळा आहेत, भुयारे आहेत, आणि ते कोणी व कसे तोडायचे याचे लिहिलेले पुस्तकही आहे.

असे किल्ले सह्याद्रीत पावलोपावली आहेत. त्यांवर आपण इतिहास भरपूर लिहिला. मोठ्यांना काही रात्री राहायला जाता येईल असा अद्भुताचा गड मराठी कादंबरीत मला हवा आहे. लिहिणाऱ्याने तलवारी आणि शापांचे नंतर पाहावे. आधी त्या गडावर पाणी कुठल्या टाक्यातून येते, रात्री दिंडी दरवाजा कोण लावतो आणि पहाटे पहिली चूल कोणाच्या घरी पेटते, एवढे ठरवावे.