वेबसाइटची पिलं वेळेवर काढा

 

आजचा विषय जरा वेगळा आहे. आपल्यापैकी काही गटांनी आता स्वतःची वेबसाइट केली आहे. केळीचे वेफर्स, बिबडे, कुरडया, कळण्याचं पीठ असा माल त्यावर दिसतो आणि पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक थेट मागणी नोंदवतं. साइट झाली तेव्हा आपण नारळ फोडला, फोटो काढले. मग ती साइट आहे तशीच राहिली. आमच्या गटाचंही असंच झालं होतं.

दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "ताई, तुमची साइट उघडली की जुगाराचं पान येतंय. साइट तुमचीच ना?" मी लगेच माझ्या मोबाइलवर पाहिलं, तर सगळं जागच्या जागी. वाटलं, त्यांच्याच फोनमध्ये काही बिघाड असेल. दोन दिवसांनी तसाच दुसरा फोन आला. मग कळलं की मी नेहमी पासवर्ड टाकून आत गेलेली असते म्हणून मला साइट चांगली दिसत होती. गूगलवर शोधून येणाऱ्या नव्या माणसालाच ती जुगाराच्या पानावर ढकलत होती. घरमालकाला पत्ता लागू नये, अशीच ती चोराची तऱ्हा.

साइट तपासली तेव्हा आत तेवीस प्लगइन निघाले. त्यातले नऊच कामाचे होते. बाकीचे करणाऱ्याने कधीतरी बसवून पाहिले आणि तसेच सोडले होते. फोटो सरकवणारा एक प्लगइन तीन वर्षांत एकदाही बदललेला नव्हता. चोर बहुधा तिथूनच शिरला असावा, असं तपासणाऱ्याचं म्हणणं पडलं. पैसे गेले नाहीत, पण ऐन दिवाळीच्या मागण्या गेल्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते आणि मोबाइल नंबर त्याच साइटमध्ये होते. लोकांनी विश्वासाने दिलेली चीज आपण दार उघडं टाकून ठेवली होती. गटाच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "बंदच करा ते." बंद करायची गरज नव्हती. निगा राखायची गरज होती. ती निगा कशी राखायची, तेच आज सांगते.

आधी प्लगइन म्हणजे काय ते पाहू. आपल्या बहुतेक साइट वर्डप्रेस नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर बनतात. ती २००३ साली सुरू झाली आणि आज जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चारच्या आसपास वेबसाइट तिच्यावर चालतात. वर्डप्रेस म्हणजे मिक्सरची मोटर समजा. चटणीचं भांडं वेगळं, रसाचं वेगळं, तसे प्लगइन म्हणजे त्या मोटरवर बसणारी भांडी. मागणीचा अर्ज भरून घ्यायला एक, पैसे घ्यायला एक, फोटो दाखवायला एक, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण द्यायला एक. हे प्लगइन जगभरातले वेगवेगळे लोक लिहितात. कोणी कंपनी असते, कोणी एकटा माणूस रात्री जागून लिहितो. वर्डप्रेसच्या अधिकृत यादीत असे हजारो प्लगइन आहेत.

माणसाने लिहिलेल्या कामात चूक राहतेच. चूक सापडली की लिहिणारा ती दुरुस्त करून नवी आवृत्ती काढतो. यालाच अपडेट म्हणतात. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होतं हे चोरालाही कळतं. ज्यांनी अजून अपडेट केलं नाही अशांची दारं तो यंत्र लावून एकामागून एक ढकलून बघतो. आपला गट लहान आहे, आपल्याकडे कोण येणार, असं म्हणून चालत नाही. यंत्राला लहान-मोठं कळत नाही.

खरं उदाहरण सांगते. सप्टेंबर २०२० मध्ये फाइल मॅनेजर नावाच्या प्लगइनमध्ये मोठं भोक सापडलं. साइटवरच्या फाइली इकडून तिकडे हलवायला तो वापरत आणि सात लाखांहून जास्त साइटवर तो होता. त्यात कामाची नसलेली एक नमुन्याची फाइल चालू अवस्थेत राहून गेली होती. तिच्यामुळे कोणीही, पासवर्ड नसतानाही, साइटमध्ये आपली फाइल घुसवू शकत होता. दुरुस्ती लगेच निघाली, पण तोवर हल्ले सुरू झाले होते. आता विचार करा, असा प्लगइन रोज किती जणींना लागतो? एखाद्या दिवशी काम पडलं म्हणून बसवला आणि तसाच राहिला, अशाच साइट त्यात जास्त असणार. पहिला धडा हा की जे लागत नाही ते ठेवू नये.

पण अपडेट आलं म्हणजे ते चांगलंच असतं, असंही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये कॅप्चा नावाच्या प्लगइनबाबत वेगळंच घडलं. तीन लाखांवर साइटवर असलेला हा प्लगइन मूळ मालकाने विकला होता. नव्या मालकाने जे अपडेट दिलं त्यातच चोरवाट होती. वर्डप्रेसने तो आपल्या यादीतून काढला आणि साइटवर स्वच्छ आवृत्ती पाठवली. म्हणून दुसरा धडा असा की अपडेट करायचं, पण डोळे उघडे ठेवून करायचं.

आता हे काम कसं करायचं ते क्रमाने सांगते. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

सगळ्यात आधी साइटची प्रत काढून ठेवा. याला बॅकअप म्हणतात. साइटचे दोन भाग असतात. एक फाइलींचा, दुसरा माहितीच्या साठ्याचा, म्हणजे डेटाबेसचा. मागण्या, पत्ते आणि पानांवरचा मजकूर हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. प्रत दोन्हींची हवी. ती साइटच्याच जागेत ठेवू नका. बियाणं आणि धान्य एकाच कोठीत ठेवलं आणि कोठीला भुंगा लागला, तर दोन्ही जातं. प्रत गटाच्या कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.

मग वेळ बघा. महाशिवरात्रीची मुक्ताईची यात्रा तोंडावर आहे, मागण्या भराभर येताहेत, अशा वेळी नेहमीची अपडेटं करत बसू नका. निवांत दिवशी सकाळी करा, म्हणजे काही अडलं तर विचारायला दिवस हाताशी राहतो. मात्र सुरक्षेची दुरुस्ती असेल तर थांबायचं नाही. प्रत काढायची आणि त्याच दिवशी ती करायची.

नंतर प्लगइनच्या यादीत जा. ज्यांचं अपडेट आलंय त्यांच्याखाली तशी सूचना दिसते. काय बदललं ते आधी वाचा. शेवटचा बदल कधी झाला तेही पाहा. वर्डप्रेसच्या शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर प्लगइन तपासलेला नसेल, तर अधिकृत यादीत त्याच्या पानावर पिवळी सूचना असते. तो प्लगइन सोडून दुसरा शोधायची वेळ आली, असं समजा.

सगळी अपडेटं एका दमात करू नका. एक करा, साइट तपासा, मग दुसरं करा. दहा एकदम केली आणि साइट बंद पडली, तर कोणामुळे पडली हे शोधत बसावं लागतं. तपासताना आपल्या नेहमीच्या फोनवर भरवसा ठेवू नका. शेजारणीच्या फोनवर, पासवर्ड न टाकता, गूगलवर शोधून साइट उघडा. एक खोटी मागणी नोंदवून बघा. पैसे भरण्याचं पान उघडतं का ते पाहा. पहिलं पान छान दिसतं आणि मागणीचा अर्ज मुका झालेला असतो, असं होतं. मग मागण्या का येत नाहीत म्हणून आपण आठवडाभर नशिबाला बोल लावत बसतो.

ऑगस्ट २०२० पासून वर्डप्रेसमध्ये प्लगइन आपोआप अपडेट होण्याची सोय आली आहे. प्रत्येक प्लगइनसमोर ती चालू करता येते. साधे, भरवशाचे प्लगइन त्यावर सोडले तर हरकत नाही. पैसे आणि मागणी सांभाळणारे मात्र हाताने करा. जुलै २०२४ च्या आवृत्तीपासून आपोआप झालेल्या अपडेटने साइट मोडली, तर जुनी आवृत्ती परत बसवण्याची सोयही वर्डप्रेसमध्येच आहे. तरी आपली प्रत हवीच.

आता काढण्याबद्दल. आपण केळीवाल्या बाया आहोत, आपल्याला हे लवकर कळेल. मुख्य झाडाभोवती पिलं फुटतात. ती दर पंधरा-वीस दिवसांनी कापली नाहीत, तर मुख्य झाडाचं खत-पाणी पितात आणि घड बारीक राहतो. वरून नुसतं छाटलं तर पिलू पुन्हा डोकं काढतं. प्लगइनचंही तसंच आहे. निष्क्रिय करणं म्हणजे वरून छाटणं. प्लगइन काम करायचा थांबतो, पण त्याच्या फाइली जागेवरच असतात, आणि त्या फाइलीत भोक असेल तर कधी कधी तिथूनही चोर शिरतो. म्हणून आधी निष्क्रिय करा, आठवडाभर साइट नीट चालते का पाहा, आणि मग हटवा. हटवणं म्हणजे मुळासकट काढणं.

हटवल्यावरही काही मुळं राहतात. बरेच प्लगइन डेटाबेसमध्ये आपली माहिती मागे सोडतात. काहींच्या सेटिंगमध्ये "काढताना सगळी माहिती पुसा" अशा अर्थाची खूण असते. माहिती नको असेल तर हटवण्याआधी तिथे खूण करा. मागणीच्या प्लगइनबाबत मात्र उलटी काळजी घ्या. जुन्या मागण्या हव्या असतील तर आधी त्यांची यादी उतरवून घ्या, मग हटवा. कधी कधी पानावर चौकटी कंसात काहीतरी अगम्य अक्षरं दिसायला लागतात. ती काढलेल्या प्लगइनची खूण असते. त्या पानात जाऊन ती पुसून टाका.

एखाद्या झाडाला सीएमव्ही लागला, तर ते बागेत ठेवून औषध मारत बसत नाही. उपटून नष्ट करतो, नाहीतर मावा तो शेजारच्या झाडांवर नेतो. प्लगइन अधिकृत यादीतून सुरक्षेच्या कारणाने काढला गेला, तर तसंच करा. वाट बघू नका. आणि विकतचा प्लगइन फुकट देतो म्हणणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नका. चोरीच्या प्रतीत बहुतेकदा चोर सोबतच येतो.

अपडेट करताना साइट कोरी पांढरी झाली तर घाबरू नका. मे २०१९ पासून अशा वेळी वर्डप्रेस साइटच्या मालकाच्या ईमेलवर एक दुवा पाठवतं. त्यातून आत जाऊन बिघडलेला प्लगइन बंद करता येतो. आता मला सांगा, तुमच्या साइटवर मालक म्हणून कोणाचा ईमेल आहे? आमच्या साइटवर तो साइट बनवणाऱ्या मुलाचा होता. तो नोकरीला बाहेरगावी गेला. सूचना त्याच्याकडे जात राहिल्या आणि आम्हाला कशाचाच पत्ता नव्हता. विकतच्या एका प्लगइनचा परवानाही त्याच्याच नावावर होता. तो संपला आणि अपडेट यायचं बंद झालं.

मैत्रिणींनो, आजच्या सगळ्या बोलण्यातली ही एक गोष्ट तरी पक्की करा. साइटचं नाव, जिथे साइट ठेवली ती जागा, मालकाचा ईमेल आणि परवाने हे सगळं गटाच्या नावावर हवं. बँकेचं पासबुक आपण दुसऱ्याच्या घरी ठेवत नाही ना? बनवणाऱ्याला वेगळा पासवर्ड द्या आणि काम संपलं की तो बंद करा.

गटाच्या इतिवृत्ताच्या वहीसारखी साइटची एक वही करा. कोणता प्लगइन, कशासाठी, कधी बसवला, कधी अपडेट केला, कोणी केला. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहू नका. दोघींना हे काम शिकवा, म्हणजे एक माहेरी गेली तरी अडत नाही. महिन्याच्या बैठकीत हिशेब झाला की पंधरा मिनिटं यादी वाचा. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारा, "हा आपल्याला लागतो का?" कोणालाच उत्तर देता आलं नाही, तर तो काढायच्या यादीत टाका.

आणि एवढं करूनही कोणाची पैशांची फसवणूक झालीच, तर लाजू नका, थांबू नका. १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

आमच्या साइटवर आता आठ प्लगइन आहेत. पुण्याच्या त्या बाईंना आम्ही स्वतःहून फोन केला, काय झालं ते खरं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी पुढच्या महिन्यात दोन किलो वेफर्स मागवले. पार्सल बांधताना त्याच मावशी म्हणाल्या, "बरं झालं बंद नाही केलं."

येत्या बैठकीत तुमच्या साइटवर किती प्लगइन आहेत ते मोजा. आकडा ऐकून तुम्हीच चकित व्हाल. आज इथेच थांबते. नमस्कार.