मानापौरी सरोवर: खोली ४४४ मीटर, वाद मात्र काठाचा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, फियोर्डलँड राष्ट्रीय उद्यानात मानापौरी हे सरोवर आहे. हिमयुगात हिमनदीनं इथली दरी इतकी खरवडली, की सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे १७८ मीटर उंच असला, तरी तळ समुद्रसपाटीच्या अडीचशे मीटरहून अधिक खाली आहे. एवढ्या पाण्यात आणखी काही मीटरांची भर पडली तर काय बिघडणार होतं? या प्रश्नावरून १९७०च्या सुमारास अख्खा देश ढवळून निघाला होता.

पातळी वाढवायची कशासाठी?

कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवून वीज तयार होते, तसाच हा प्रकार. मानापौरीचं पाणी भूमिगत वीजगृहातून आणि सुमारे १० किलोमीटरच्या बोगद्यातून थेट समुद्राच्या खाडीत जातं. ही वीज ब्लफजवळच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यासाठी हवी होती. पाणी जितक्या उंचीवरून पडेल तितकी वीज जास्त, म्हणून पातळी ३० मीटरपर्यंत वाढवायची योजना होती.

काठाचं काय?

खोल पाण्याला याचा फारसा फरक पडला नसता. खरा धोका काठाला होता. इथले डोंगर उभे, त्यांवर मातीचा थर पातळ. झाडं एकमेकांत गुंतलेल्या मुळांच्या आधारानं उभी आहेत आणि बीचचं जंगल अगदी पाण्यापर्यंत उतरतं. खालची झाडं बुडून कुजली, की वरच्या उताराचा आधार सुटून दरडी कोसळू शकतात. वाळूचे किनारे आणि लहान बेटं तर थेट पाण्याखालीच गेली असती. तेही राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत!

१९७० मध्ये विरोधाच्या अर्जावर २ लाख ६४ हजार ९०७ जणांनी सह्या केल्या, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास १० टक्के. १९७२ची निवडणूक जिंकलेल्या नॉर्मन कर्क यांच्या मजूर पक्षानं पातळी न वाढवण्याचं आश्वासन पाळलं. १९७३ मध्ये सरोवरावर देखरेखीसाठी स्वतंत्र ‘पालक’ नेमले गेले. पाणी नैसर्गिक चढउताराच्या मर्यादेतच ठेवायचं, फार काळ चढलेलं किंवा उतरलेलं राहू द्यायचं नाही, हे त्यांच्या देखरेखीचं सूत्र.

वीजगृह मात्र झालंच आणि आज ते देशातलं सर्वांत मोठं जलविद्युत केंद्र आहे. त्याची किंमत वायाउ नदीनं मोजली. सरोवरातून निघणाऱ्या या मोठ्या नदीचं बहुतेक पाणी बोगद्याकडे वळलं आणि तिच्यात किमान प्रवाह सोडण्याची अट १९९०च्या दशकात आली.